अळ्या पेल्यात मरतात, पिंपात मरतील का? डासनियंत्रणासाठी सुगंधी तेलांच्या वापराविषयी खुले पत्र

प्रति,
जिल्हा हिवताप अधिकारी, रत्नागिरी व सिंधुदुर्ग,
संशोधन संचालक, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली,
तसेच दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य यांस,

विषय : वनस्पतिजन्य सुगंधी तेलांची अळीनाशक म्हणून खरेदी थांबवून त्यांची रीतसर चाचणी घेण्याबाबत

स.न.वि.वि.

वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांचे मिश्रण 'शंभर टक्के नैसर्गिक' अशा शिक्क्याच्या बाटलीत भरून, डासांच्या अळ्या मारणारे औषध म्हणून ते आपल्या भागातील ग्रामपंचायतींच्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न चालू आहे आणि ते सार्वजनिक पैशातून विकत घेण्याचे काही ठिकाणी घाटतही आहे. अशी खरेदी तूर्त थांबवावी आणि त्याऐवजी याच तेलांची कोकणातल्या पाण्यात, कोकणातल्या भांड्यांत रीतसर चाचणी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. मी या तेलांच्या विरोधात नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांच्यातील गुण मला ठाऊक आहेत आणि ते वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असे एक प्रात्यक्षिक झाले, तेव्हा मी हजर होतो. विक्रेत्याने टेबलावर पाव लीटरचा काचेचा पेला ठेवला, आवारातल्या सिमेंटच्या टाकीतून काढलेल्या अळ्या त्यात सोडल्या आणि बाटलीतले दोन झाकणे औषध ओतले. पाणी ताकासारखे पांढरे झाले, लवंगेचा वास खोलीभर पसरला आणि चहा येईपर्यंत सगळ्या अळ्या तळाशी जाऊन पडल्या. सदस्यांनी माना डोलावल्या. माझे लक्ष मात्र पेल्याच्या कडेला धरलेल्या फेसाकडे होते. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते मिसळावे म्हणून त्यात साबणाच्या जातीचा एखादा पदार्थ घालावाच लागतो आणि असा पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. एडिस आणि क्युलेक्स या डासांच्या अळ्या शेपटीकडची श्वसननळी पृष्ठभागाला टेकवून, डोके खाली करून लटकत असतात. पृष्ठताण पुरेसा उतरला की त्यांना तसे लटकता येत नाही आणि त्या गुदमरतात. गटारावर जळके ऑइल ओतल्यावर अळ्या मरतात, त्यामागेही मुख्यतः श्वास कोंडणे हेच कारण असते. तेव्हा त्या पेल्यातल्या अळ्या लवंगेने मेल्या की साबणाने, हे ठरवण्यासाठी शेजारी दुसरा पेला हवा होता, ज्यात सुगंधी तेल सोडून बाकी सगळे असते. तो कोणी ठेवला नव्हता आणि मागितलाही नाही. शिवाय दोन झाकणे म्हणजे सुमारे दहा मिलिलीटर धरले, तर त्याच प्रमाणात घराघरांतल्या दोनशे लीटरच्या पिंपाला आठ लीटर औषध लागेल, हा हिशेबही त्या बैठकीत झाला नाही.

याचा अर्थ मूळ कल्पना पोकळ आहे असा मुळीच नाही. लवंगेच्या तेलात आणि दालचिनीच्या पानांच्या तेलात युजेनॉल असते, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल, ओव्यात थायमॉल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीत लिमोनिन. हे रेणू लहान व स्निग्ध असल्यामुळे अळीच्या त्वचेतून आत शिरतात आणि तिच्या मज्जासंस्थेत गडबड उडवतात. त्यांपैकी काहींचा आघात ऑक्टोपामिन या संदेशवाहकाचा संदेश पकडणाऱ्या ग्राही रेणूंवर होतो. कीटकांच्या शरीरात ऑक्टोपामिनचे जे महत्त्व आहे ते माणसाच्या शरीरात नाही, म्हणून या तेलांकडे तुलनेने निर्धोक पर्याय म्हणून पाहिले जाते. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. आपण ज्याला सरसकट 'ॲबेट' म्हणतो ते टेमिफॉस हे अळीनाशक रसायन अनेक दशके वापरात असून, ब्राझीलसारख्या देशांत त्याला दाद न देणारे एडिस डास आढळले आहेत. एकाच रेणूला सरावलेली अळी अनेक घटकांच्या, अनेक ठिकाणी आघात करणाऱ्या मिश्रणाला तितक्या सहज सरावणार नाही, ही अपेक्षा शास्त्राला धरून आहे.

अडचण सुरू होते ती प्रमाणापाशी. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली अळीनाशकांच्या चाचणीची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक पेल्यात 25 अळ्या घेऊन 24 तासांनी मेलेल्या मोजतात, औषध न घातलेले पेले बरोबरीने ठेवतात आणि त्यावरून निम्म्या अळ्या मारणारे व नव्वद टक्के अळ्या मारणारे प्रमाण काढतात. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांत निम्म्या अळ्या मारणारे प्रमाण साधारणपणे लीटरला 10 ते 100 मिलिग्रॅमच्या दरम्यान येते. टेमिफॉसला न सरावलेल्या अळ्यांसाठी हेच प्रमाण मिलिग्रॅमच्या शंभराव्या किंवा त्याहूनही लहान भागात असते. फरक हजारपट किंवा त्याहून अधिक आहे. आणि निम्म्या अळ्या मेल्या म्हणजे निम्मे डास उडणार, हे शोधनिबंधातला आकडा जाहिरातीत उतरवणारे लोक सांगत नाहीत.

समजा, लीटरला 100 मिलिग्रॅम हे प्रत्यक्ष वापराचे प्रमाण धरले. दोनशे लीटरच्या एका पिंपाला 20 ग्रॅम तेल लागेल. तीनशे घरांच्या गावात घरटी दोन पिंपे धरली, तर एका खेपेला 12 किलो तेल. दालचिनीच्या पानांतून सुमारे एक टक्का तेल निघते असे मानले, तर त्यासाठी 1200 किलो पाने उकळावी लागतील आणि गवती चहाच्या ताज्या पातीत तेल याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने तिथे हा आकडा दुपटीच्या वर जाईल. त्याच सहाशे पिंपांना लीटरला एक मिलिग्रॅम या मान्य प्रमाणात टेमिफॉस घालायचे, तर मूळ द्रव्य 120 ग्रॅम पुरते. विहिरीचा विचार तर सोडूनच द्यावा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असले, तर ते एकवीस हजार लीटर भरते. त्यात दोन किलोंवर तेल ओतल्यावर डासांचे काय होईल ते होवो, त्या पाण्याचा चहा मात्र कोणी पिणार नाही.

चवीपलीकडची गोष्ट माशांची आहे. युजेनॉल माशांना गुंगी आणते, हे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कोणीही सांगेल. हाताळणीपूर्वी मासे शांत व्हावेत म्हणून लीटरला साधारण 40 ते 100 मिलिग्रॅम लवंगतेल वापरतात. म्हणजे ज्या प्रमाणात अळ्या मरतील त्याच प्रमाणात, आरोग्य सेवकांनी टाक्यांत आणि हौदांत सोडलेले गप्पी मासे उलटे होतील, आणि संपर्क लांबला तर मरतीलही. रात्रंदिवस फुकट अळ्या खाणारा मासा मारून त्या जागी पैसे देऊन तेल ओतण्यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही. आपल्याकडे कित्येक घरांच्या विहिरींत मुद्दाम मासे सोडलेले असतात, हेही लक्षात घ्यावे.

तेल पाण्यात कुठे जाते, हाही प्रश्न आहे. युजेनॉल पाण्यापेक्षा जड असते. लवंगेच्या शुद्ध तेलाचे थेंब काचेच्या भांड्यातील पाण्यात सोडून पाहावे. ते क्षणभर वर रेंगाळतात, मग गोल पिवळसर मणी होऊन खाली उतरतात आणि तळाशी तसेच बसून राहतात. गवती चहाचे किंवा संत्र्याच्या सालीचे तेल उलट वर पसरून तवंग धरते. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफेलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून तिथलेच कण खाते. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिसची अळी खाली जाऊन तळ व भिंती खरवडते. तेव्हा कोणत्या तेलाची गाठ कोणत्या अळीशी पडेल, हे ढवळलेल्या पेल्यात कळत नाही. स्थिर पाण्यात, अर्धे शेवाळ आणि अर्धा पालापाचोळा असलेल्या भांड्यात ते पाहावे लागते, कारण हा कचराही तेल शोषून घेतो.

आता टिकाऊपणाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल इथे लागतो. सुगंधी तेल उडून जाणारे असते आणि ऊन व हवा लागून त्याचे विघटनही होते. साध्या मिश्रणाचा परिणाम उघड्या भांड्यात बहुधा एक-दोन दिवसांत संपतो. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे दर आठवड्याला तेल घातले आणि प्रत्येक वेळी सगळ्या अळ्या व कोष मेले, तर मधल्या दिवसांत तेल नसले तरी चालेल. पण हे काम आठवड्यातून एकदा पिंप उपडे करून, आतली कड घासून, ते उन्हात ठेवल्यानेही, म्हणजे 'कोरडा दिवस' पाळल्यानेही होते, आणि एडिसची भांड्याच्या कडेला चिकटलेली, महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जिवंत असणारी अंडी घासण्यानेच जातात. न टिकणारे तेल म्हणजे बाटलीत भरून विकलेला कोरडा दिवस होय. जे भांडे रिकामे करता येते त्याला तेलाची गरज नाही आणि ज्या भांड्यातले पाणी आपण पितो त्यात ते घालू नये.

मग उरते काय? उरते ते थोडे असले तरी कोकणात महत्त्वाचे आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या प्रत्येक घडीत पावसाचे पाणी साठते. बाजूंना बांधलेले जुने टायर कसेही फिरवले तरी त्यांच्या पोटात लीटरभर पाणी राहतेच. जेटीच्या कडेला साखळीने अडकवलेल्या टायरांचे तर बोलायलाच नको. मालवण असो, हर्णै असो वा मिरकरवाडा, हे दृश्य सारखेच. गुहागर-श्रीवर्धनकडच्या पोफळीच्या बागांत झडलेल्या झावळीच्या देठाकडची खोळ वाटीसारखी उताणी पडते आणि तिच्यात घोटभर पाणी एडिसला पुरते. दोडामार्गात रबराच्या झाडांना बांधलेल्या, चीक काढण्याचे काम थांबलेल्या दिवसांतल्या वाट्या आहेत. त्या उपड्या ठेवाव्यात हे खरे, पण प्रत्येक बागेत ते होत नाही. अशा लीटर-दोन लीटरच्या, कोणी न पिणाऱ्या, मासे नसणाऱ्या पाण्याला वरच्याच हिशेबाने 0.1 ते 0.2 ग्रॅम, म्हणजे मोजके थेंब तेल लागेल. इथे हजारपटीचा फरकही परवडतो. चिरेखाणींत साठणारी तळी मात्र यात मोडत नाहीत. त्यांचे पाणी इतके असते की तिथे गप्पी मासे किंवा बीटीआय (अळ्या मारणारे जिवाणूजन्य औषध) हेच उपाय योग्य आहेत.

अर्थात पावसाळ्यात टायर दर सरीला भरून वाहतो आणि तेल वाहून जाते. म्हणूनच तेल धरून ठेवून हळूहळू सोडणारी घडण हवी आणि या बाबतीत जगात बरेच काम झालेले आहे. यीस्टच्या पेशींत संत्र्याच्या सालीचे तेल भरून ते अळ्यांना खाद्य म्हणून देण्याची युक्ती प्रयोगशाळेत यशस्वी झाली आहे. अळी यीस्ट आवडीने खाते आणि तेल थेट तिच्या पोटात जाते. कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या सूक्ष्म गोळ्यांत तेल कोंडण्याचे प्रयोगही झाले आहेत. कोळंबीची टरफले आपल्या बंदरांवर कुजत पडतात, दालचिनीची पाने मसाल्याला जाऊन उरलेली बागेत कुजतात, आणि मत्स्य महाविद्यालय व कृषी विद्यापीठ एकाच छत्राखाली आहेत. याहून सोयीची मांडणी कुठे मिळणार?

विद्यापीठाला माझी मुख्य विनंती इथेच आहे. 'कोकण तेज' ही दालचिनीची जात आपणच दिली. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' रुजवली, तिच्यात नारळाच्या सावलीत दालचिनी, जायफळ, मिरी वाढतात. या जातींच्या पानांतील तेलाचे घटक ऋतूनुसार कसे बदलतात, हे आधी नोंदवावे. सुगंधी तेल हे एकच एक रसायन नसते; पानाचे वय, माती, वाळवण्याची रीत आणि ऊर्ध्वपातनाचा वेळ बदलला की घटकांचे प्रमाण बदलते, आणि घटकांचा तक्ता सोबत नसलेली बाटली औषध म्हणवून घेण्यास पात्र नाही. दालचिनीबरोबर तिरफळाचीही तपासणी व्हावी. बांगड्याच्या तिखल्याच्या पलीकडे या फळाचा विचार आपण क्वचितच केला, पण त्याच्या सालीत भरपूर सुगंधी तेल असते. हळदीची पातोळ्यांपुरती तोडून उरलेली पाने, निर्गुडी आणि रस्त्याकडेला माजलेली घाणेरी यांनाही संधी द्यावी. वेखंड मात्र पाण्यापासून दूरच ठेवावे, कारण त्यातील बीटा-ॲसॅरोन हा घटक कर्ककारक असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

कडुनिंब, करंज आणि उंडी यांची तेले या यादीत मी घातलेली नाहीत. ती बिया घाण्यावर गाळून काढलेली, न उडणारी तेले आहेत. त्यांचे घटक वेगळे, परिणामाची रीत वेगळी, आणि त्यांचे निकाल सुगंधी तेलांच्या खात्यावर जमा करू नयेत. काजूच्या टरफलातले काळपट, कातडी भाजणारे तेलही असेच वेगळे. एडिसच्या अळ्यांवर ते प्रयोगशाळेत प्रभावी ठरले आहे आणि काजू कारखान्यांमुळे ते आपल्याकडे मुबलकही आहे. पण ते हाताळणाऱ्या कामगार बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, ते ते घराघरांत वाटण्याचा सल्ला देणार नाहीत. तिन्हीसांजेला गोठ्यात केली जाणारी धुरी हा तर उडत्या डासांना हुसकावण्याचा उपाय आहे. तिचा अळ्यांशी संबंध नाही.

जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडून मला अपेक्षा आहे ती दुसऱ्या टप्प्याची. पेल्यातील चाचणीनंतर मर्यादित क्षेत्रातील आणि त्यानंतर विस्तृत क्षेत्रातील चाचणी, असा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिला आहे. एखाद्या बंदरावरचे टायर, एखादी पोफळीची बाग आणि एखादी रबराची बाग निवडून, निम्म्या भांड्यांत तेलाची घडण व निम्म्यांत तेलाविना तीच घडण घालून, आपल्या कर्मचाऱ्यांनी संपूर्ण पावसाळाभर अळ्या व कोष मोजावेत. कोष वेगळे मोजणे आवश्यक आहे, कारण कोष काही खात नाही, त्याचे आवरण कठीण असते आणि अळ्या संपल्या तरी कोषांतून डास निघत राहतात. शेजारच्या औषध न घातलेल्या भांड्यांवरही नजर ठेवावी. काही सुगंधी तेलांच्या वासाने अंडी घालायला आलेली मादी परत फिरते, आणि परत फिरलेली मादी अंडी न घालता थांबत नाही; ती पुढच्या दारातल्या कुंडीत घालते. आपल्या आवारातील आकडा उतरला आणि वाडीतला चढला, तर ते यश म्हणता येणार नाही. जे निष्फळ ठरेल तेही प्रसिद्ध करावे, म्हणजे पुढच्या वर्षी तोच प्रयोग दुसऱ्या तालुक्यात नव्याने होणार नाही.

सरपंच व सदस्यांनी विक्रेत्याकडे दोन कागद मागावेत. पहिला, केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचे नोंदणी प्रमाणपत्र. कीटकनाशक अधिनियम 1968 नुसार नोंदणीविना कीटकनाशक विकता येत नाही आणि 'नैसर्गिक' हा शब्द छापल्याने त्यातून सुटका होत नाही. दुसरा, घटकांच्या प्रमाणाचा प्रयोगशाळेचा अहवाल, त्याच खेपेच्या मालाचा. हे दोन्ही कागद नसतील, तर चहा पाजून निरोप द्यावा. ते असले तरी पिण्याच्या पाण्यासाठी आरोग्य विभागाच्या लेखी मान्यतेविना ते वापरू नये. तोवर आशा सेविका व आरोग्य सेवक जे सांगत आले आहेत तेच चालू ठेवावे: आठवड्याचा कोरडा दिवस, टाक्यांना घट्ट झाकणे, शौचालयाच्या टाकीच्या वायुनलिकेला जाळी, आणि जिथे पाणी उपसता येत नाही तिथे गप्पी मासे किंवा कार्यक्रमात मान्य असलेले अळीनाशक.

होड्या जूनच्या आरंभी किनाऱ्याला लागतात. त्यापूर्वी विद्यापीठ, मत्स्य महाविद्यालय आणि दोन्ही हिवताप कार्यालये यांची एक संयुक्त बैठक व्हावी आणि चाचणीची ठिकाणे मे महिन्यातच ठरावीत, म्हणजे पहिल्या पावसापासून मोजणी करता येईल. माझ्या बागेतील दालचिनीची पाने मी विनामूल्य देईन, आणि घटकांच्या नोंदी ठेवण्यासाठी किंवा अळ्या मोजण्यासाठी बोलावल्यास स्वखर्चाने येईन.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग